दाजी, तुमच्या दोन गाड्या

दाजी, कंपनीच्या चौकशी समितीने तुमच्या अपघातावर दीड पान लिहिलं आहे. मी ते तीनदा वाचलं. त्यातली एक गोष्ट खरी आहे. सदोमच्या उतारावर वळणापाशी समोरून भरलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध आला, तेव्हा तुम्ही गाडी डावीकडे घेतलीत. या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. ट्रकवाल्याने नियमाप्रमाणे आपल्या उजवीकडे घेतलं, म्हणजे तुमच्या डावीकडे, आणि दोघे एकाच कडेला आलात. तुमच्या उजवीकडे खडीची रुंद जागा मोकळी होती. समितीने ती टेप लावून मोजली आहे.

पुढचं मात्र खरं नाही. पुढे लिहिलं आहे: चालक भारतातून आलेला, तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात, अडचणीच्या क्षणी जुनी सवय वर आली, अशा चालकांना उताराच्या रस्त्यावर पाठवण्याआधी विचार व्हावा. खाली तीन सह्या आणि शिक्का.

तुमच्या सातव्या दिवशी हा कागद ताईने माझ्यापुढे ठेवला. जियारतीची प्रार्थना नुकतीच आटोपली होती, फळांचं ताट तसंच पडलं होतं. ती रडत नव्हती. तिने सांगितलं की कंपनीत आता आपल्या कोणा माणसाला स्टिअरिंगला हात लावू देणार नाहीत, आणि कारण म्हणून तुमचं नाव पुढे करतील. तुम्हाला गाडी चालवता येत नव्हती असं मुलींना शाळेत ऐकावं लागेल. मग म्हणाली, "तू पेपरात काम करतोस ना? मग हे खोटं आहे असं लिहून दे."

मी हो म्हणालो. तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं.

आपल्या मराठी ज्यूंच्या मासिकाने तुमच्यावर पानभर मजकूर मागितला आहे. जन्म कुठला, मुंबईत कुठे होते, इथे केव्हा आले, मागे कोण कोण. ज्यांना हे हवं आहे त्यांना ते माहीत आहे. मी तुमच्याशीच बोलतो, कारण दीड वर्ष आपण जो वाद घातला तो तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. जुनी गाडी बरी की नवी, एवढाच तो वाद होता.

आपण मुंबईहून इथे आलो त्या वर्षी कामाच्या कचेरीत तुम्ही मोटार फिटर असं सांगितलंत. ग्रँट रोडच्या गॅरेजातली चौदा वर्षं सांगितलीत, साहेबाचं सर्टिफिकेट दाखवलंत. टेबलामागच्या माणसाने कागद उलटा करून पाहिला आणि तुमचं नाव झाडं लावायच्या टोळीत घातलं. दोन हिवाळे तुम्ही वाळवंटात खड्डे खणलेत. त्याबद्दल तुम्ही एकदाच बोललात, तेही हसून: मुंबईत नसेल एवढा पाना इथे हातात मिळाला, फक्त त्याला फावडं म्हणतात.

मग बेरशेवाच्या एका गॅरेजात गाड्या धुवायचं काम मिळालं. मालक रुमानियाचा. गॅरेजच्या मागे कुंपणाला टेकून ती गाडी उभी होती. दोन सीटांची, उघडी, लांब बॉनेटची, तारांच्या चाकांची, मागच्या बाजूला स्टेपनी बांधलेली. अठ्ठेचाळीस साली इंग्रज गेले तेव्हा कोणी अधिकारी ती टाकून गेला होता. आत मालकाच्या कोंबड्या अंडी घालत. कार्बोरेटर गायब, कापडी टप फाटलेला, आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला, इंग्लंडातल्यासारखं, आपल्या मुंबईतल्यासारखं. म्हणून इथे तिला कोणी विचारत नव्हतं. मालकाने चेष्टेत तुम्हाला म्हटलं की तुमच्यासारखीच ही पण चुकून इकडे आली, घेऊन जा.

तुम्ही ते खरं धरलंत. सोळा महिने लागले. तांब्याचा पत्रा कापून गॅस्केट केलंत. ब्रेकचे बूट लष्करी ट्रकच्या भंगारातून घासून बसवलेत. सीटचं चामडं जुन्या बुटांचं होतं आणि उन्हात त्याला बुटांचाच वास यायचा. ती पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी तुम्ही एलियाहू हन्नाबीच्या, आपल्या प्रेषिताच्या, नावाने गोड पोह्यांचा मलिदा केलात. पोहे ठाण्याच्या मावशीने पार्सलने पाठवलेले होते. नारळ मिळणार नव्हता, म्हणून त्यात खजूर पडला. मी विचारलं होतं की भंगाराला मलिदा कशाला. तुम्ही म्हणालात, "भंगार कोणाला म्हणतोस, एडिटर? तुझ्या पेपरापेक्षा आधी पोचेल."

ते खरं निघालं. मी तेव्हा दक्षिणेच्या बातम्या बसने पाठवत होतो. बस वेळेवर सुटली तर बातमी दुसऱ्या दिवशी छापून यायची. वादीच्या कोरड्या पात्राला पूर आला, पाण्याची पाइपलाइन फुटली, नव्या वस्तीत आणून सोडलेल्या माणसांनी ट्रकमधून खाली उतरायला नकार दिला, अशा प्रत्येक वेळी तुम्ही मला त्या दोन सीटांपैकी एकीवर बसवून नेलंत. पेपरात माझं जे काही नाव झालं ते त्या गाडीच्या जोरावर. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही वाट पाहत होतात असंही नाही.

उजव्या स्टिअरिंगची गाडी उजव्या बाजूने चालवायची म्हणजे काय, हे समितीतल्या तिघांपैकी एकालाही माहीत नसणार. चालक रस्त्याच्या मध्याला नसतो, कडेला असतो. पुढच्या ट्रकच्या पलीकडचं काही दिसत नाही. पहिल्या आठवड्यात एकदा तुम्ही खरोखरच मुंबईच्या सवयीने डावीकडे गेलात. एका बेदुइनाने उंट आवरून तुम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या तुम्ही ताईला हावभावांसकट करून दाखवल्यात. त्यानंतर तुम्ही स्वतःसाठी एक रीत बसवलीत. डावं-उजवं आठवत बसायचं नाही, आठवायला वेळ लागतो. गाडीचं दार खाली कापलेलं होतं, कोपर सहज बाहेर यायचं. समोर काही आलं की उजवं कोपर बाहेर काढायचं आणि कोपराकडे जायचं. कोपराखाली रस्त्याची कड दिसायची. "पुस्तक विसरेल," तुम्ही म्हणाला होतात, "कोपर विसरत नाही."

चार वर्षं तुम्ही तसे चाललात. खरचटण्याइतकाही अपघात झाला नाही.

गाडीला दोन सीटा आणि घरात चार माणसं. बेरशेवाला लग्न असलं की तुम्ही आधी ताईला आणि धाकटीला पोचवायचात, परत येऊन थोरल्या नाओमीला न्यायचात. लोक हसत. कोणी विचारलं की तुम्ही सांगायचात, आमच्या घराला दोन गाड्या आहेत, एक आता येते आणि एक नंतर. नाओमी त्या सुमारास मराठीला हिब्रूत उत्तर द्यायला लागली होती. पण त्या गाडीत ती पुढे एकटी बसलेली असायची आणि तुमच्याशी सबंध वाट मराठीत बोलायची, कारण इंजिनच्या आवाजात तुम्हाला हिब्रू कळत नाही असं तुम्ही तिला सांगितलं होतं.

तुम्ही सगळे डिमोनाला राहायला गेलात आणि धाकटीला धाप लागायला लागली. नवं गाव, झाड नाही, सगळी माती उघडी. दवाखाना बेरशेवाला. उघड्या गाडीत टपाच्या भोकांतून धूळ यायची. ओल्या टॉवेलात तोंड गुंडाळलेली ती पोर ताईच्या मांडीवर घरघरत असायची. एकदा मी तुमच्या जागी बसून, म्हणजे तुम्ही शिकवलंत तसं चालवून, त्या दोघींना दवाखान्यात नेलं. परत आल्यावर मी तुम्हाला सांगितलं की ही गाडी काढा. शब्द याहून वाईट होते. मी म्हणालो की ही तुमची हौस आहे आणि तिची किंमत ती पोर देते आहे.

त्या संध्याकाळी तुम्ही टपाच्या भोकांना ठिगळं लावलीत.

त्याच सुमारास सदोमच्या कारखान्याच्या कंपनीला इंजिनियरांना तिथे नेण्या-आणण्यासाठी चालक हवा होता. गाडी नवी, देशातच जोडलेली. करड्या रंगाची, चार दारांची, सहा माणसं आरामात बसतील अशी, गिअर स्टिअरिंगलाच लावलेला, काचा घट्ट मिटणाऱ्या. शुक्रवारी दुपारपर्यंत आणि दवाखान्यासाठी चालकाच्या घरच्यांना ती वापरता येणार होती. आपल्या माणसाला तिथे असं काम पहिल्यांदाच मिळत होतं. ताई रोज धाकटीचं पांघरूण बाहेर झटकायची, तुम्हाला दिसेल अशा जागी.

तुम्ही मला म्हणालात की तू पेपरवाला आहेस, तर दोन्ही गाड्या बघ आणि मग बोल. मी ते कामासारखं घेतलं. आमच्या पेपरात मोटारींवर पान निघणार होतं, संपादकाला मजकूर हवा होता. एका दिवशी दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने तुम्ही चालवल्यात, सकाळी जुनी, दुपारी नवी, डिमोना ते बेरशेवा. मी शेजारी घड्याळ आणि वही घेऊन बसलो. सुरू व्हायला किती वेळ, चढावर कुठला गिअर, ब्रेक दाबल्यावर किती पावलांवर थांबते, आत धूळ किती, बोलणं ऐकू येतं का, डिकीत काय काय मावतं. जुनी गाडी चढावर आणि वळणावर नवीला मागे टाकत होती. वळणावर ती वाकत नव्हती, तुम्ही वाकत होतात. नवी गाडी वळणावर एका बाजूला बसायची आणि तुम्ही तिला समजावत न्यायचात. बाकी सगळ्यात नवी पुढे. मी तसंच लिहिलं. शेवटचा परिच्छेद असा होता की एकटा तरुण असेल तर त्याने जुनी ठेवावी, पण ज्याला बायकामुलं आहेत त्याच्यापुढे दुसरा विचारच नाही.

लेख वाचून तुम्ही म्हणालात, "सामान बरोबर मोजलंयस. गाडी राहिली." मला ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं. मी हसलो.

महिन्याभरात जुनी गाडी गेली. तेल अवीवचा एक दंतवैद्य येऊन घेऊन गेला. त्याने तिला लाल रंग दिला आणि स्टिअरिंग डावीकडे बसवून घेतलं असं पुढे कोणीतरी सांगितलं. तुम्ही म्हणालात, छान दिसत असेल.

नव्या गाडीने जे दिलं ते लिहायला हवं. धाकटी तिच्यात झोपायची. मिटलेल्या काचांमागे, मागच्या सीटवर पाय पसरून, तोंड उघडं ठेवून, घरघर न करता. हिवाळ्यात ताईने पहिल्यांदा शाल न घेता प्रवास केला. तुम्ही चौघं एकदम कुठे जाताना मी पाहिलं ते त्याच गाडीत. एकदा बेरशेवाच्या बाजारात गाडी उभी करून तुम्ही चौघं आत बसून संत्री सोलत होतात, आणि काच खाली करून तुम्ही मला एक फोड दिलीत. तेव्हा माझ्या मनात आलं की मी जिंकलो. आज ते आठवतं तेव्हा मी दुसरीकडे बघतो. पण ते घडलं होतं, आणि तुम्ही तेव्हा सुखी दिसत होतात.

आता शेवटचं.

गाडीत मागच्या सीटवर एक इंजिनियर होता. तो वाचला. बेरशेवाच्या इस्पितळात मी त्याला भेटलो, बातमीदार म्हणून, तुमचा नातेवाईक आहे हे न सांगता. खांद्याला प्लास्टर होतं, बोलणं नीट होतं. त्याने सांगितलं की तुम्ही घाबरला नव्हतात. ट्रक दिसल्यावर वेग कमी केलात, उघड्या खिडकीतून डावं कोपर बाहेर काढलंत आणि मग शांतपणे डावीकडे घेतलंत. त्याला वाटलं तुम्ही ट्रकवाल्याला खूण करताय. मोकळ्या हाताने त्याने मला ते करून दाखवलं. समितीने त्याच्या जबानीवरून लिहिलं आहे की चालकाने खूण करून चुकीची बाजू घेतली.

मी ते वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता कळलं.

ती मुंबईची सवय नव्हती. मुंबई तुम्ही त्या पहिल्या आठवड्यातच, उंटवाल्यासमोर, सोडली होती. हे कोपर तुम्ही इथे शिकलात, या देशाच्या रस्त्यावर, त्या इंग्रजी गाडीत, आणि चार वर्षं त्याने तुम्हाला बरोबर नेलं. नव्या गाडीत चालकाची जागा डावीकडे. कोपर खिडकीशी होतंच, फक्त त्याच्याखाली रस्त्याची कड नव्हती, रस्त्याचा मध्य होता. दीड वर्ष तसा प्रसंग आला नाही. आला त्या दिवशी तुम्ही आठवत बसला नाहीत. कोपराकडे गेलात.

घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या. दोन गाड्यांच्या दिवसाची वही सापडली. दुपारचं पान. नवी गाडी, चौथा मैल, माझ्या अक्षरात तुमचं वाक्य: इथून रस्त्याची कड दिसत नाही, कोपर भलत्या बाजूला आलं, याची सवय मोडायला मला वेळ लागेल. त्या वाक्यावर माझीच पेन्सिलीची आडवी रेघ आहे. लेख दोन ओळींनी लांबत होता. डिकीत किती पेट्या मावतात ते ठेवलं आणि हे काढलं. तेव्हा मला ते चालकाचं कुरकुरणं वाटलं होतं.

तुम्ही तक्रार केली नाहीत. लेखात हे का नाही, असंही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं तेही मला माहीत आहे: जागा नव्हती.

म्हणजे तुमचं नाव स्वच्छ करायला माझ्याकडे पुरावा आहे आणि तो एवढाच आहे. तुम्ही अडाणी नव्हता. तुम्ही मोटार बदललीत, बदलताना अडचण कुठे आहे ते नेमकं सांगितलंत, आणि ज्याला सांगितलंत त्याने ते खोडलं. हे न सांगता समितीचं खोटं खोडता येत नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला. पहिल्या मसुद्यात तुमच्या चौदा वर्षांच्या अनुभवाबद्दल लिहिलं, दुसऱ्यात रस्त्याच्या वळणाबद्दल. दोन्ही मसुदे वाचायला चांगले होते. त्यांनी काही सिद्ध होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन डिमोनाला गेलो. तुमच्या घरात आरशावर सुतकाचं कापड अजून होतं. ताईला आधी कोपराचं सांगितलं. ते तिला समजावून सांगावं लागलं नाही, तिने तुमच्या शेजारी बसून ते शेकडो वेळा पाहिलं होतं. मग वहीचं पान उघडून दिलं. तिने खोडलेली ओळ बोट ठेवून वाचली.

"हे त्यांनी तुला सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तू छापलं नाहीस."

मी ओळींबद्दल सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मी थांबल्यावर तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

"हे समितीला दे. सगळं दे, खोडलेलं पण. त्यांचं नाव नीट झालं पाहिजे," ती म्हणाली. "आणि मग काही दिवस इकडे येऊ नकोस."

तिला हेही म्हणता आलं असतं की गाडी बदला असं तीही मनातून म्हणत होती. ती ते म्हणाली नाही, आणि मी तिला आठवण करून दिली नाही. आतल्या खोलीत धाकटी झोपली होती. दार पुढे ओढलेलं होतं.

मी निवेदन दिलं. वहीचं पान फाडून जोडलं. गाडी बदलण्याचा आग्रह माझा होता हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. समितीचं उत्तर चार ओळींत आलं. भारताबद्दलचं वाक्य आणि 'अशा चालकां'बद्दलची सूचना त्यांनी काढून टाकली आहे. त्या जागी आता एवढंच आहे की चालकाला नव्या गाडीची पुरती सवय झालेली नव्हती. कंपनीतल्या आपल्या माणसांना यापुढे तुमचं नाव ऐकवता येणार नाही. राहिलेल्या वाक्यावर मला हरकत घेता येत नाही. ते पत्र मी ताईला टपालाने पाठवलं.

आम्हा भावंडांचं बिनसलं की तुम्ही मध्ये पडायचात, तेही कोणाला कळू न देता. शुक्रवारी सकाळी माझ्या दाराशी उभे राहायचात आणि म्हणायचात की चल, तिने दोन चपात्या जास्त लाटल्यात. तिने लाटलेल्या नसायच्या. घरी पोचल्यावर तिला सांगायचात की हा स्वतःहूनच निघाला होता, मला वाटेत भेटला. आम्हा दोघांनाही ते ठाऊक असायचं आणि आम्ही जेवायला बसायचो.

ताई काही दिवस म्हणाली आहे, दाजी. किती, ते विचारायला मी आता कोणाला पाठवू?